पूजेतले शस्त्र आणि परक्याचे काडतूस

विजयादशमीला आपल्या घराघरांतून शस्त्रे बाहेर निघतात. कोणाकडे पणजोबांच्या काळातली तलवार असते, कोणाकडे दांडपट्टा असतो, क्वचित एखाद्या घरी परवान्याची बारा बोअरची बंदूक असते. ती पुसली जाते, पाटावर मांडली जाते, तिला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले जाते. शक्तीच्या उपासनेवर दोन शब्द बोलले जातात. आरती होते, प्रसाद वाटला जातो आणि दिवेलागणीच्या आत ते शस्त्र कपाटात कुलूपबंद होते ते पुढच्या दसऱ्यापर्यंत.

गेल्या दसऱ्याला एका स्नेह्यांच्या घरी या पूजेला उपस्थित राहण्याचा योग आला. पाटावर बंदूक होती आणि तिच्याशेजारी चार लाल काडतुसे. घरातल्या सातवीतल्या नातवाने सहज विचारले, "आजोबा, या काडतुसाच्या आत काय असतं?" आजोबांकडे बंदुकीचा परवाना चाळीस वर्षांपासून आहे. ते म्हणाले, "दारू असते." "कोणती? किती? आणि ती पेटते कशी?" आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तू आधी गणिताचा अभ्यास कर." सारे हसले. प्रसाद आला आणि विषय संपला.

मला मात्र हसू आले नाही. त्या मुलाने विचारलेला प्रश्न हा खऱ्या अर्थाने शस्त्रपूजेचा प्रश्न होता आणि त्या खोलीत जमलेल्या वीसेक सुशिक्षित, सुसंस्कृत, राष्ट्रप्रेमी माणसांपैकी एकालाही त्याचे उत्तर देता आले नाही. त्या वीसांत प्रस्तुत लेखकही होता, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. कारण त्यापूर्वी दोन वर्षे परदेशात जे पाहिले होते, ते सांगण्याचे धैर्य त्या दिवशी मलाही झाले नाही. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

चार घटकांची विद्या

काडतूस म्हणजे काय? त्याचे घटक चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आतली धूररहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर आघात होतो. टोपीची ज्वाला बारीक छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. दारू जळून तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. त्याच क्षणी पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे, नेमबाजाच्या तोंडावर येऊ देत नाही. बार झाल्यावर चारांपैकी तीन घटक खर्ची पडलेले असतात. चौथा घटक, आणि बहुधा सर्वांत महाग घटक, शिल्लक राहतो. तो म्हणजे पुंगळी.

आपल्याकडे रिकामी पुंगळी म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्यातली वस्तू. बातमीत आपण वाचतो, 'घटनास्थळी तीन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या'. याखेरीज मराठी मध्यमवर्गाचा पुंगळीशी संबंध नाही. पण जगातल्या लक्षावधी नेमबाजांच्या दृष्टीने ही पुंगळी म्हणजे पुन्हा पेरता येणारे बियाणे आहे. ती साफ करायची, तिचा आकार पूर्ववत करायचा, जुनी टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू भरायची आणि नवी गोळी बसवायची. या कामाला तिकडे रिलोडिंग म्हणतात. आपण पुनर्भरण म्हणू. खर्च वाचतो हा त्याचा एक लाभ. खरा लाभ वेगळा आहे. आपल्या बंदुकीला नेमके मानवणारे, प्रत्येक वेळी एकसारखे जाणारे काडतूस ज्याला स्वतःच्या हातांनी सिद्ध करता येते, तो नेमबाज आपल्या साधनाचा स्वामी होतो. बाकीचे सारे ग्राहक.

या विद्येचा इतिहासही मनोरंजक आहे. १८६०च्या दशकात टोपी बसवण्याच्या दोन पद्धती निघाल्या. एक अमेरिकेच्या हायरम बर्डन यांची, दुसरी इंग्लंडच्या वूलिच येथील एडवर्ड बॉक्सर यांची. पुढे गंमत अशी झाली, की अमेरिकन माणसाची पद्धत युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. त्यातून सुई घालून जुनी टोपी सहज बाहेर ढकलता येते. अमेरिकेत घरोघरी पुनर्भरणाचा छंद फोफावला, त्यामागे या एका छिद्राचा मोठा वाटा आहे.

१८७८ साली कनेक्टिकट राज्यात विल्यम लायमन यांनी नेमबाजीची साधने बनवण्याचा उद्योग सुरू केला. हीच कंपनी पुढे पुनर्भरणाच्या अवजारांसाठी आणि मार्गदर्शक पुस्तकांसाठी नावारूपाला आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर आरसीबीएस (१९४३), हॉर्नेडी (१९४९) यांसारखे उद्योग उभे राहिले. त्यांपैकी बरेचसे एखाद्या छंदिष्टाच्या छोट्या कार्यशाळेतून सुरू झाले आणि मोठे झाले. १८७८ हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. त्या सालाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

गॅरेजमधली पाठशाळा

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. त्याच्याकडे मुक्कामाला असताना एका शनिवारी तो म्हणाला, "मामा, शेजारच्या आजोबांकडे मी रिलोडिंग शिकतोय. येता का बघायला?" हे आजोबा यंत्रशाळेतून निवृत्त झालेले कारागीर. घराला लागून मोटारीची पत्र्याची खोली, तिच्यात भिंतीला धरून भक्कम लाकडी बाक, त्यावर हाताने ओढायचे एक दाबयंत्र, एक तराजू, एक पुस्तक आणि एक वही. बस.

मला वाटले होते, जाताच यंत्राचा दांडा ओढायला मिळेल. पण भाच्याचा तो तिसरा शनिवार होता आणि त्याने तोवर दारूचा डबा उघडलेलाही पाहिला नव्हता. पहिल्या शनिवारी त्याला ते जाडजूड पुस्तक हातात देऊन घरी पाठवले होते. 'आधी वाच, मग ये' एवढाच पाठ. दुसऱ्या शनिवारी दोनशे रिकाम्या पुंगळ्या समोर ओतल्या आणि त्यांतून तडा गेलेल्या, तोंड फाटलेल्या, बुडाशी ताणाची रेघ दिसणाऱ्या पुंगळ्या वेगळ्या काढायला लावल्या. तिसऱ्या शनिवारी, मी होतो तेव्हा, पुंगळ्यांना पूर्ववत आकार देणे आणि व्हर्नियरने प्रत्येकीची लांबी मोजणे. चौथ्या शनिवारी दारू.

तो चौथा शनिवार मी आयुष्यात विसरणार नाही. नियम असे होते. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा; कारण निरनिराळ्या दारू दिसायला सारख्या आणि जळण्याच्या वेगात मात्र जमीनअस्मानाचे अंतर असते. डोळ्यांवर चष्मा. खोलीत विस्तव नाही, धूम्रपान नाही. चहा नाही, बिस्किट नाही. कारण शिसे हाताला लागते आणि हातावाटे पोटात जाते. काम संपले की साबणाने हात धुवायचे. फोन बाहेर. बोलणे बंद. दारू मोजायची ती ग्रेनमध्ये; एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग. पुस्तकात दिलेल्या कमाल प्रमाणाकडे पाहायचेही नाही. सुरुवात किमान प्रमाणापासून. आणि पहिल्या खेपेला काडतुसे दहाच.

पुंगळ्या भोके पाडलेल्या लाकडी पाटीत उभ्या करून दारू भरली की आजोबा विजेरी घेत आणि प्रत्येक पुंगळीत डोकावत. पातळी सारखी आहे ना? त्याचे कारण त्यांनी शांतपणे समजावले. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू इतकी थोडी लागते, की चुकून दोनदा भरली तरी ती मावते. अशा काडतुसाने हत्यार फुटते. उलट, एखाद्या पुंगळीत दारू भरायचीच राहिली, तर केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आवाज क्षीण येतो, नवखा माणूस समजतो काहीतरी बिघडले, आणि पुन्हा चाप ओढतो. तेव्हा नळी फुटते.

मध्येच मी अनवधानाने काहीतरी विचारले. भाच्याने मान वळवून उत्तर दिले आणि पुन्हा कामाला लागला. आजोबांनी त्याचा हात धरला. "कितवी भरली?" तो म्हणाला, "सातवी असावी." 'असावी' हा शब्द ऐकताच त्यांनी भरलेल्या सगळ्या पुंगळ्यांतली दारू परत डब्यात ओतली आणि पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितले. बाहेर आल्यावर भाचा माझ्यावरच रागावला, "मामा, तुमच्यामुळे तासभर गेला." मी म्हणालो, "तुझा तास गेला, पण आज तुला गुरू मिळाला."

आपल्याकडे ज्याला आपण गुरुकुलाची परंपरा म्हणून व्यासपीठावरून गौरवतो, ती मी त्या पत्र्याच्या खोलीत प्रत्यक्ष पाहिली. शिष्याची घाई मोडणे, चुकीची लाज न वाटू देता चूक निस्तरायला लावणे, शक्ती हाती देण्यापूर्वी संयम अंगी बाणवणे. वहीत तारीख, पुंगळी, टोपी, दारू, प्रमाण, गोळी आणि परिणाम यांची नोंद झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे ते मानत नसत. या गावंढ्या वाटणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्या इंजिनियर भाच्याला शिस्त शिकवली, आणि आपण मात्र शिस्तीवर बौद्धिके देत राहिलो.

सुजाण वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. अमेरिकेतल्या बेबंद बंदूकबाजाराचा मी समर्थक नाही. ज्या देशात शाळेतल्या कोवळ्या मुलांवर गोळ्या झाडल्या जातात आणि समाज हतबल होऊन पाहत राहतो, त्या देशाची बंदुकीविषयीची धोरणे डोळे मिटून आणण्याची गरज नाही. तिथला १९६८चा कायदा स्वतःच्या वापरासाठी पुनर्भरण करणाऱ्याकडे परवाना मागत नाही. विक्रीसाठी बनवणाऱ्याकडे मागतो. ही मोकळीक आपल्याला परवडणारी नाही आणि मी ती मागतही नाही. घ्यायचे ते त्या आजोबांचे चार शनिवार.

कायद्याचे बंधन कसे असावे हे पाहायचे असेल तर जर्मनीकडे पाहावे. तिथे पुनर्भरण करू इच्छिणाऱ्याला स्फोटकविषयक कायद्याच्या २७व्या कलमाखाली स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, आपली गरज सिद्ध करावी लागते आणि चारित्र्याची पडताळणी होते. म्हणजे राज्यसंस्था म्हणते, 'शीक, सिद्ध कर, मग कर.' आपली राज्यसंस्था इतकेच म्हणते, 'करू नकोस.' शिकण्याविषयी ती काहीच बोलत नाही.

अज्ञानाची किंमत

अज्ञानाची किंमत या देशाने काडतुसाच्याच बाबतीत मोजली आहे. जानेवारी १८५७. बंगालमधल्या दमदमच्या छावणीत नव्या एन्फिल्ड रायफलीचे शिक्षण सुरू होते. काडतुसाचा कागद दातांनी तोडायचा होता आणि त्या कागदाला लावलेल्या चरबीत गाईची व डुकराची चरबी असल्याची वार्ता एका खलाशाच्या तोंडून शिपायांपर्यंत पोहोचली. पुढे मार्चमध्ये बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला आणि मेमध्ये मेरठ पेटले. हा इतिहास आपल्या मुलांना पाठ असतो.

त्यातला एक तपशील मात्र सांगितला जात नाही. जानेवारीच्या अखेरीस कंपनी सरकारने आदेश काढला होता, की शिपायांना काडतुसे चरबीविना द्यावीत आणि त्यांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे. तोवर फार उशीर झाला होता. विश्वास उडाला होता. विचार करा. ज्या शिपायाच्या खांद्यावर साम्राज्य उभे होते, त्याला आपण दातांत धरतो त्या वस्तूत काय आहे हे ठाऊक नव्हते. ते ठरवणारे परके, बनवणारे परके, आणि आत काय आहे याची ग्वाही देणारेही परकेच. काडतूस ज्याचे, लगाम त्याचा, हे १८५७चे तांत्रिक सार आहे.

इंग्रज या घटनेतून शिकले. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तो साम्राज्याच्या गरजेसाठी. आणि १८७८ साली, म्हणजे लायमन यांनी कनेक्टिकटमध्ये उद्योग सुरू केला त्याच वर्षी, व्हाइसरॉय लिटनने भारतीयांसाठी शस्त्रबंदीचा कायदा आणला. एका देशात सामान्य माणूस साधने बनवायला शिकत होता, दुसऱ्या देशात सामान्य माणसाच्या हातून साधने काढून घेतली जात होती. दीडशे वर्षांतील अंतराचे मूळ येथे आहे.

अहिंसेचा दाखला देऊन या विषयावर नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या त्या कायद्याची गणना खुद्द गांधीजींनी ब्रिटिश राजवटीच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली होती. १९३१च्या कराची काँग्रेसने मूलभूत अधिकारांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा अधिकार होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र कायदा आला. त्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे भाग येतात आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात. परवान्याविना दारूगोळा बनवणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गावठी कट्टे बनवणाऱ्या टोळ्यांचा विचार केला तर ही कठोरता योग्यच आहे. माझी तक्रार शिक्षेविषयी नाही. शिक्षणाच्या अभावाविषयी आहे.

तीन आक्षेप

या विषयाला हात घातला की तीन आक्षेप हमखास येतात. पहिला आक्षेप असा, की नेमबाजीत आपण पुढे आहोतच, मग हे हवे कशाला? राज्यवर्धनसिंह राठोड यांचे २००४चे अथेन्समधले रौप्य, अभिनव बिंद्रा यांचे २००८चे बीजिंगमधले सुवर्ण, २०१०च्या म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी मिळवलेले जगज्जेतेपद, २०२४ साली पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने जिंकलेले कांस्य. हे सारे आपले अभिमानाचे धन आहे, याबद्दल दुमत नाही.

आक्षेपात एक तांत्रिक तथ्यही आहे, ते मान्य केले पाहिजे. १० मीटर एअर रायफलच्या छऱ्यात दारू नसतेच. आणि ५० मीटर रायफलच्या पॉइंट टू टू काडतुसाला टोपीच नसते. ज्वालाग्राही द्रव्य त्याच्या काठात भरलेले असते, म्हणून ते व्यवहारात पुन्हा भरता येत नाही. पण नेमबाजी एवढ्यावर संपत नाही. ३०० मीटर बिग बोअर रायफल आहे, २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल आहे आणि शॉटगनचे ट्रॅप व स्कीट आहेत. ट्रॅपच्या एका फेरीत २५ तबकड्या असतात, स्पर्धेच्या पात्रता फेरीत १२५. प्रत्येक तबकडीवर दोन बार झाडण्याची मुभा असते. सराव तर याच्या कितीतरी पट. प्रत्येक काडतुसात २४ ग्रॅम छरे. यांचा खर्च मोजून पाहा, म्हणजे हा खेळ आपल्याकडे बराच काळ राजघराण्यांचा, सेनाधिकाऱ्यांचा आणि धनिकांचा का राहिला ते उमगेल. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या मुलाला ट्रॅपच्या मैदानावर आणायचे असेल तर काडतुसाचा प्रश्न टाळून चालणार नाही.

आणि ज्या खेळात पुनर्भरण शक्य नाही, त्यातही काडतुसाचे ज्ञान अनावश्यक ठरत नाही. एकाच नावाच्या दोन बॅचमधली पॉइंट टू टू काडतुसे एकाच रायफलमधून वेगवेगळी का जातात, हे ज्याला कळते तोच योग्य बॅच निवडू शकतो. अव्वल नेमबाज काडतुसांची चाचणी घेऊन निवड करतात, ती याच कारणासाठी. आमच्या जिल्हा पातळीवरच्या नवख्या मुलाला मात्र हातात येईल ते झाडायचे एवढेच ठाऊक असते.

दुसरा आक्षेप धोक्याचा. धोका खराच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. जिथे प्रशिक्षित माणसे, नियम आणि भिंती आहेत तिथेही दारू क्षमा करत नाही, तर घरातल्या टेबलावर ती काय करील? म्हणूनच माझे म्हणणे आहे, की ही विद्या गुरूवाचून आणि परवान्यावाचून कोणी हाती धरू नये. परंतु धोका आहे म्हणून शिकवायचेच नाही, हा युक्तिवाद विहिरीत मुले बुडतात म्हणून पोहणे शिकवू नका असे म्हणण्यासारखा आहे. मराठवाड्यातली आणि कोकणातली मुले पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली, ती काठावर काका उभा होता म्हणून. प्रश्न विहिरीचा नाही. काठावरच्या काकाचा आहे.

तिसरा आक्षेप कायदा आणि सुव्यवस्थेचा. ज्ञान पसरले तर ते समाजकंटकांच्या हाती पडेल, असे म्हणतात. समाजकंटक आपली परवानगी मागत नाहीत. ज्ञानाची दारे बंद केल्याने अडतो तो केवळ परवाना घेणारा, चारित्र्याची पडताळणी होऊ देणारा, रजिस्टरवर सही करणारा प्रामाणिक नागरिक.

त्या तरुणाला मी काय सांगितले

हे आक्षेप कागदावर खोडणे सोपे आहे. खरी अडचण माझ्या दारात उभी राहिली ती काही महिन्यांपूर्वी. शाखेत लहानपणापासून पाहिलेला, यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातला एक तरुण घरी आला. रायफल क्लबचा सदस्य, बुद्धिमान, हाताने कुशल. त्याने मोबाइल पुढे केला. "काका, हे बघा. सगळं व्हिडिओवर आहे. लेथवर साचा मी स्वतः बनवू शकतो. करून पाहू का?"

मी त्याला बसवले आणि सांगितले, "नाही. एक तर हा गुन्हा आहे. तुझं आयुष्य त्यात जाईल. दुसरं, तो व्हिडिओ तुला दांडा कसा ओढायचा ते दाखवील, पण 'कितवी भरली' हे विचारायला तो तुझा हात धरणार नाही." ओहायोच्या त्या शनिवारची सारी हकीकत मी त्याला सांगितली. त्याने ऐकून घेतले. समजूतदार मुलगा आहे, त्याने माझे मानलेही. मग त्याने विचारले, "ठीक आहे काका. मग मी कुठे जाऊन शिकू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी ज्या रेंज पाहिल्या आहेत, त्यांपैकी एकाही ठिकाणी नवख्याला काडतुसाची विद्या क्रमवार शिकवणारा वर्ग माझ्या पाहण्यात नाही. नेम कसा धरावा ते शिकवतात, श्वास कसा रोखावा ते शिकवतात, चाप कसा दाबावा ते शिकवतात. नळीत जे घालायचे त्याविषयी सूचना एकच, 'खिडकीवरून घ्या.' एका होतकरू, कायदा पाळणाऱ्या तरुणाला मी 'नाही' म्हणालो ते योग्यच होते. पण 'तिकडे जा' म्हणायला माझ्याजवळ जागा नव्हती, ही लाज त्याची नाही. ती माझी आहे, आपली सर्वांची आहे.

आणि ही लाज केवळ सरकारच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. १९३७ साली डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी नाशिकला भोंसला सैनिकी शाळा उभारली, तेव्हा परक्यांचे राज्य होते, लिटनच्या कायद्याचे वारस सत्तेवर होते. तरी त्यांनी दार ठोठावले, परवानग्या मिळवल्या आणि मुलांच्या हाती रायफल दिली. आज स्वकीयांचे राज्य आहे. आपण किती दारे ठोठावली? आपण पूजेची ताटे सजवली, घोषणा दिल्या, समाजमाध्यमांवर तलवारींची चित्रे फिरवली. विद्या मागायला मात्र कोणी गेले नाही.

मागणी काय?

मागणी मोठी नाही आणि अवघडही नाही. पहिली पायरी म्हणजे मान्यताप्राप्त जिल्हा रायफल असोसिएशनांनी नवख्यांसाठी काडतूस-परिचयाचा वर्ग सुरू करावा. त्यात जिवंत दारूची गरज नाही. उभी चिरलेली निर्जीव काडतुसे, तक्ते, व्हर्नियर, तराजू आणि एक वही एवढ्यावर तो चालेल. नळीत अडकलेली गोळी कशी ओळखावी, सदोष काडतूस कसे बाजूला ठेवावे, शिशापासून आरोग्य कसे जपावे, हे तर उद्याच शिकवता येईल. त्यासाठी कोणताही नवा कायदा लागत नाही.

दुसरी पायरी, केंद्र सरकारने जर्मनीच्या धर्तीवर अभ्यासक्रम, परीक्षा आणि परवाना अशी व्यवस्था निर्माण करावी. पुनर्भरण व्हावे ते रेंजच्या आवारातच, पोलिसांच्या माहितीने, नोंदवहीसह, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. दारू रेंजबाहेर जाणार नाही, पुंगळ्या मोजून घेतल्या आणि मोजून परत केल्या जातील. यात सुव्यवस्थेला बाधा येईल असे काय आहे?

तिसरी गोष्ट, शिकवणारे कोण? ते आपल्या शेजारी राहतात. खडकी, वरणगाव, भंडारा, अंबाझरी, देहूरोड. दारूगोळ्याची विद्या जाणणारी इतकी माणसे असलेला प्रांत देशात क्वचितच असेल. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन म्युनिशन्स इंडिया ही कंपनी झाली, तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. या कारखान्यांतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ आज सोसायटीच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत आहेत. लष्करातून निवृत्त झालेले शस्त्रतज्ज्ञ आहेत. ओहायोचे आजोबा आपल्याकडेही आहेत. त्यांना कोणी बोलावलेले नाही, एवढेच.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे त्यांनी पुढच्या विजयादशमीपूर्वी एवढे तरी करावे. आपापल्या जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनमध्ये जावे आणि विचारावे, 'नवख्यांना काडतुसाविषयी काय शिकवता?' उत्तर आले नाही तर लेखी अर्ज द्यावा. ओळखीतला एखादा निवृत्त तंत्रज्ञ असेल तर त्याला हाताला धरून तिथे न्यावे. आणि ज्यांच्या घरी शस्त्र नाही, त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधीला एक पत्र लिहावे.

तो सातवीतला मुलगा आता आठवीत गेला आहे. परवा भेटला तेव्हा त्याने पुन्हा विचारले, "आजोबांनी अजून सांगितलं नाही." मी त्याला वहीच्या पानावर पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी अशी आकृती काढून दिली. त्याने ती नीट घडी घालून खिशात ठेवली आणि पुढचा प्रश्न केला, "पण काका, दारू जास्त झाली तर?" उद्या तो रेंजवर जाईल. तोवर त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस तिथे बसवणे हे आपले काम आहे.